मालवण-वेंगुर्ला: मधल्या जोडरेषेत अख्खी खाडी आहे

दिवाळीच्या आधी आणि पुन्हा मे महिन्याच्या तोंडावर तोच प्रश्न येतो. "चार दिवस मालवण-वेंगुर्ला करायचंय, जमलं तर आंबोलीपण. बजेट बेताचं आहे. कुठे राहू?" विचारणाऱ्याने मालवणजवळच्या तारकर्लीतली खोली बहुतेक वेळा आधीच बुक केलेली असते. मग एक दिवस वेंगुर्ल्याला जाऊन यायचं, एक दिवस आंबोलीला जाऊन यायचं आणि रात्री पुन्हा तारकर्ली, असा बेत ठरतो. चारातले दोन दिवस गाडीत जातात आणि घरी आल्यावर "कोकण छान, पण फार दमायला होतं" असं ऐकू येतं. दमवतं कोकण नव्हे. दमवते ती 'मालवण-वेंगुर्ला' ही दोन गावांमध्ये ओढलेली छोटी रेघ.

गोंधळ होण्यासारखी कारणं आहेत, हे मान्य. जिल्हा एक, सिंधुदुर्ग. रेल्वेने दोन्हीकडे जाणारे बहुतेक कुडाळलाच उतरतात आणि तिथून दोन्ही गावं २५-३० किलोमीटरच्या आत आहेत. बोली तीच, जेवण तेच, नारळी-पोफळी त्याच. मोबाइलवरच्या नकाशात दोन गावांत दोन बोटांचं अंतर दिसतं. पण सुट्टी आखताना मालवण आणि वेंगुर्ला यांची कामं वेगळी आहेत, आणि ती अदलाबदल केली की पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

मालवण तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, देवबागचा संगम, स्कूबा, स्नॉर्कलिंग, बंदरावरची गर्दी, बाजारातलं खाजं. समोरच्या समुद्राचा एक भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. म्हणजे मालवण हे पाण्याचं गाव. पाण्यात उतरायचं, होडीत बसायचं, किल्ल्यावर जायचं, यासाठी मालवणला पर्याय नाही आणि दोन रात्री त्याला पुरतात. नाताळच्या आठवड्यात तारकर्लीत राहू नये, हे माझं ठाम मत आहे. भाव चढलेले, रस्ता तुंबलेला, आणि किनाऱ्यावर जेट-स्कीच्या आवाजात लाट ऐकू येत नाही.

वेंगुर्ल्याची ओळख मात्र लोक 'मालवणच्या पुढचं, थोडं शांत' एवढ्यावर उरकतात. याचाच मला राग येतो. वेंगुर्ला हे जुनं व्यापारी बंदर. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. काजूची 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' ही कलमं ज्या फळ संशोधन केंद्रातून गावोगाव गेली ते इथलंच. समुद्रात दूरवर वेंगुर्ला रॉक्स नावाची खडकाळ बेटं आहेत, तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्या घरटी करतात. (बेटावर नेऊन आणा म्हणून होडीवाल्याच्या मागे लागू नका. विणीच्या जागेत पर्यटकाचं काम नाही.) गावाला लागून उभादांड्याचा सागरेश्वर किनारा, दक्षिणेला मोचेमाड, मग आरवली, शिरोडा, रेडी, आणि त्यापुढे गोव्याच्या हद्दीतला तेरेखोल किल्ला. आरवलीला वेतोबाच्या देवळात जरूर थांबा. तिथे देवाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावच्या राखणीला फिरतो, त्यात चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. देवापुढे केळ्यांचे घड असतात. अर्धा तास नुसतं बसून राहावं असं देऊळ आहे, आणि रांग लावून ढकलणारं कोणी नाही.

हे सगळं पर्यटनस्थळांच्या यादीत मिळतं. यादीत मिळत नाही ती गोष्ट पुढची, आणि सुट्टी बिघडते ती तिथेच.

देवबागच्या टोकाला उभं राहा. डाव्या हाताला कर्ली खाडी, उजव्या हाताला समुद्र, पायाखाली वाळूची निमुळती जीभ. समोर पाण्यापलीकडे माडांची रांग आणि एक सुंदर किनारा दिसतो. तो भोगवे. तिथून वेंगुर्ला तालुका सुरू होतो. लोक इथे उभे राहून ठरवतात की उद्या सकाळी नाश्ता करून समोर जाऊ, तसंच पुढे निवती, मग वेंगुर्ला. पण खाडीच्या मुखावर पूल नाही. होडी माणसांना पलीकडे सोडते, गाडीला नाही. गाडीने जायचं तर आधी मागे मालवणकडे यायचं, मग आत जाऊन खाडीवरचा पूल गाठायचा, पलीकडून परुळ्यावरून पुन्हा खाली समुद्राकडे उतरायचं. अरुंद, वळणावळणाचा रस्ता. पाण्यावरून हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरासाठी तासाभराहून जास्त वेळ. देवबागात कुणालाही विचारा, 'वळसो' घालावा लागेल हेच उत्तर मिळेल.

आणि ही एकट्या कर्लीची गोष्ट नाही. सह्याद्रीतून कोकणात उतरणारी प्रत्येक नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे येते, समुद्राजवळ खाडी होते आणि किनारा तोडते. गड नदी, कर्ली, तेरेखोल, सगळ्यांचं तेच. म्हणून किनाऱ्याने उत्तर-दक्षिण फिरणं हे इथे नेहमीच वेळखाऊ असतं, आणि समुद्राकडून डोंगराकडे जाणं सोपं असतं. जुने रस्तेही तसेच पडलेत: बंदरातून निघायचं, बाजारपेठ गाठायची, घाट चढायचा, देशावर जायचं. प्रत्येक बंदराच्या पाठीशी त्याचा त्याचा घाट उभा आहे.

वेंगुर्ल्याचा घाट म्हणजे आंबोली. ब्रिटिशांच्या काळात वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीकडे माल जायचा, त्या वाटेवरचा मुक्काम म्हणून आंबोली वाढली. पुढे मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे आली, माल तिकडे वळला आणि वेंगुर्ला शांत झालं. तुम्हाला आज तिथे जी शांतता आवडते ती अशी आली. पण रस्ता राहिला: वेंगुर्ला, सावंतवाडी, दाणोली, घाट, आंबोली. अंतर साधारण ६० किलोमीटर. मालवणहून आंबोलीला जायचं तर आधी कुडाळ, मग सावंतवाडी, आणि मग हाच रस्ता. ते नव्वदीच्या घरात जातं, एका बाजूने.

मालवणच्या पाठीशी आंबोली नाहीच. मालवणचे घाट कणकवलीच्या अंगाला आहेत. फोंडा घाट चढलात की दाजीपूर आणि राधानगरीचं अभयारण्य लागतं, गव्यांचं जंगल. (हा फोंडा कणकवलीजवळचा. गोव्यातलं फोंडं वेगळं.) वैभववाडीवरून करूळ घाट चढलात की गगनबावडा. म्हणजे 'समुद्र आणि डोंगर' दोन्ही हवेत आणि मालवणलाच राहायचंय, तर डोंगर म्हणून दाजीपूर किंवा गगनबावडा धरा. आंबोलीच हवी असेल तर वेंगुर्ला किंवा शिरोड्याला मुक्काम हलवा. मालवणात राहून आंबोली 'करून येणं' हा या जिल्ह्यातला सर्वात वाईट बेत आहे, आणि सर्वात जास्त केला जाणाराही.

कोल्हापूर-पुण्याकडून येणाऱ्यांनी तर याचा सरळ फायदा घ्यावा. फोंडा किंवा गगनबावड्याने उतरा, मालवणला दोन रात्री काढा, सामान उचलून वेंगुर्ल्याकडे या, इथे एक-दोन रात्री, मग आंबोलीला एक रात्र, आणि तिथूनच आजऱ्यावरून घरी. एकदा चढलेला घाट पुन्हा उतरायचा नाही. पावसाळ्यात घाट चालू आहे ना, हे निघण्याच्या दिवशी विचारून घ्या. रेल्वेवाल्यांनी जाताना कुडाळ आणि येताना सावंतवाडी रोड असं तिकीट काढावं. दादरला जाणारी तुतारी सावंतवाडीहूनच सुटते. सिंधुदुर्ग नावाचंही स्टेशन आहे, ते ओरोसजवळ. किल्ला तिथे नाही.

बेताच्या बजेटवाल्यांची चूकही याच खाडीपाशी होते. खोलीचं भाडं सगळे घासाघीस करून ठरवतात, गाडीचं कोणी मोजत नाही. भाड्याची गाडी किलोमीटरवर चालते आणि परतीचे किलोमीटरही तुमच्याच माथी असतात. तारकर्लीहून वेंगुर्ला आणि आंबोली अशा दोन चकरा मारल्या की खोलीत वाचवलेलं सगळं डिझेलमध्ये जातं. मुक्काम हलवला तर चक्कर उरत नाही, आणि वेंगुर्ल्याकडे गावातल्या घरगुती खोल्या एरवीही मालवणपेक्षा स्वस्त पडतात, कारण पाण्यातल्या खेळांची गर्दी तिथे नाही. शिवाय वेंगुर्ला-सावंतवाडी एसटी आहे, सावंतवाडीहून आंबोलीमार्गे घाटावर जाणाऱ्या गाड्या आहेत. सकाळी लवकर निघालात तर स्वतःच्या वाहनाशिवाय आंबोली होते. मालवणहून हे दोनदा गाडी बदलून करावं लागतं आणि पोरंबाळं सोबत असतील तर करू नये.

आंबोलीत गेल्यावर एक करा: घाटातल्या मोठ्या धबधब्याशी थांबून परत फिरू नका. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग, भजी, मॅगी, गाण्यांचे स्पीकर, आणि दरीत फेकलेल्या बाटल्या. तेवढं बघून लोक आंबोली पाहिली म्हणतात. गाव घाट चढून वर आहे. हिरण्यकेशी नदीचा उगम वर आहे. तिथल्या कुंडात सापडलेल्या छोट्या माशाची 'शिस्तुरा हिरण्यकेशी' ही नवी जात म्हणून २०२० साली नोंद झाली, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. नांगरतास, कावळेसाद, महादेवगड, सगळं वरच. पावसाळी रात्री जाणत्या स्थानिक माणसाबरोबर टॉर्च घेऊन निघालात तर पानावर बसलेला हिरवागार मलबारी उडता बेडूक दिसतो, बोटांमधले लालसर पडदे अंगाखाली दुमडून. त्याला फोटोसाठी हातावर घेऊ नका, दुसरा कोणी घेत असेल तर त्यालाही थांबवा.

हंगामाचा मुद्दा वर ओघात आला, पण तो वेगळा सांगायलाच हवा. आंबोलीचा हंगाम पावसाचा, मालवणचा उन्हाचा. जूनपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारीही बंद असते, त्यामुळे त्या दिवसांत ताज्या सुरमईचा आग्रह धरलात तर बर्फातलीच ताटात येईल. तेव्हा खाडीतली मासळी, तिसऱ्या, कुर्ल्या, नाहीतर सुकटीची चटणी आणि पेज मागा, त्याचं समाधान जास्त आहे. दोन्ही एकाच खेपेला हवं असेल तर ऑक्टोबरची सुरुवात गाठा. होड्या सुरू झालेल्या असतात, डोंगर अजून हिरवा असतो, धबधब्यांत पाणी असतं आणि दिवाळीची गर्दी आलेली नसते. मे महिन्यात आंबोलीला धबधबा बघायला जाणाऱ्यांना मी सरळ नको सांगतो. मे महिन्यात तिथे जायचं ते थंड हवेसाठी आणि जंगलाच्या सावलीसाठी.

जेवणात फरक शोधू नका, तो नाही. फक्त सुरमई-पापलेटचा हट्ट सोडा. त्या दिवशी बाजारात काय आलंय ते विचारा. बांगडा, तारली, पेडवे, मोरी, जे असेल ते. ताटाचा भाव अर्ध्यावर येतो आणि तिखलं, म्हणजे मासळीचं तिखट, दाट कालवण, त्यांचंच चांगलं होतं. घरगुती खानावळीत दुपारचं जेवण सकाळीच सांगून ठेवावं लागतं. आयत्या वेळी जाऊन रागावण्यात अर्थ नाही, तिथे माणसं मोजून भात टाकतात.

किनाऱ्यांतला एक फरक मात्र गंभीर आहे. मालवणकडे गर्दी असते म्हणून पाण्यावर कुणाचं ना कुणाचं लक्ष असतं. मोचेमाड, शिरोडा, रेडीकडे कित्येक दुपारी तुमच्याशिवाय चिटपाखरू नसतं. पाणी शांत दिसतं, पण वाळू कुठे खचते, ओढ कुठे आहे ते फक्त तिथल्या माणसांना ठाऊक असतं. उतरण्यापूर्वी जवळच्या घरात किंवा जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारा, आणि त्याने नको म्हटलं तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नका.