नैराश्यावरची गोळी आणि नर्सच्या सूचना: कोणती सूचना कुठून आली

नैराश्यावरची गोळी हातात देताना नर्स जे बजावते, त्यातले बरेचसे रुग्णांनी सोसलेल्या त्रासातून शिकलेले आहे. ते माहीत असले की सूचना नुसती पाठ म्हटली जात नाही.

पहिले औषध सापडले क्षयाच्या वॉर्डात. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड घेणारे क्षयरुग्ण एकाएकी तरतरीत दिसू लागले. १९५७ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी त्याचा नैराश्यावरचा उपयोग मांडला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ रोलंड कून यांनी इमिप्रामिन या दुसऱ्या औषधाचे नैराश्यावरचे निष्कर्ष छापले. ते आधी स्किझोफ्रेनियावर वापरून पाहिले होते.

इप्रोनियाझिडचा गट मोनोअमाइन ऑक्सिडेज, म्हणजे एमएओ, हे विकर (एंझाइम) बंद पाडतो. या गोळ्या घेणाऱ्या काहींचे डोके जेवणानंतर असह्य ठणकू लागले, रक्तदाब भडकला, मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यूही झाले. १९६३ मध्ये ब्रिटिश डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी याचा संबंध चीजशी जोडला. मुरलेल्या चीजमधले टायरामाइन हे द्रव्य एरवी आतड्यात आणि यकृतातच मोडते. विकर बंद असले की ते थेट रक्तात उतरते आणि रक्तदाब चढवते. म्हणून ‘पथ्य पाळा’ एवढे सांगून भागत नाही. मुरलेले चीज, आंबवून सुकवलेले मांस, सोया सॉस, पिंपातली बिअर अशी नावे घेऊनच सांगावे. सर्दीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नको. औषध थांबल्यावरही दोन आठवडे पथ्य चालू राहते, कारण शरीराला नवे विकर तयार करायला तेवढा वेळ लागतो. अशा रुग्णाने डोके ठणकते, मान आखडते म्हटले, तर आधी रक्तदाब मोजावा, पुढचा डोस रोखून डॉक्टरांना लगेच कळवावे.

इमिप्रामिनच्या ट्रायसायक्लिक गटात तोंड कोरडे पडते, शौचाला खडा होतो, लघवी तुंबते. उठताना रक्तदाब घसरतो, म्हणून पलंगाच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटे बसायला लावतात. पण खरी भीती निराळीच: जास्त गोळ्या एकदम घेतल्या तर हृदयाचा ठोका बिघडून जीव जातो. जोखमीच्या रुग्णाला आठवड्यापुरत्याच गोळ्या देणे आणि वॉर्डात गोळी गिळल्यावर जिभेखाली व गालात पाहणे, हे त्यासाठीच.

१९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटिन या नव्या गटातल्या गोळीला मान्यता मिळाली आणि ही भीती बरीच कमी झाली. या गटाची मळमळ बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. लैंगिक तक्रार रुग्ण आपणहून काढत नाही, विचारावी लागते. वयस्करांना गुंगी किंवा गोंधळ वाटला तर रक्तातले सोडियम तपासावे. एमएओ गटाची गोळी सुरू करायची तर फ्लुऑक्सेटिन थांबवून पाच आठवडे जावे लागतात, नाहीतर ताप, घाम, स्नायूंचे झटके अशी सेरोटोनिन सिंड्रोमची (सेरोटोनिन हे रसायन शरीरात अति वाढल्याची) लक्षणे उद्भवू शकतात.

२००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुले व किशोरांमधल्या आत्महत्येच्या विचारांबद्दल ठळक इशारा छापायला लावला. २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. वॉर्डात हे आधीपासून सांगितले जाई: मन उजळायला दोन ते सहा आठवडे लागतात, अंगात बळ मात्र काहींना त्याआधीच येते. कालपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस आज उठून फिरू लागला, तर लक्ष वाढवायचे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही.

बरे वाटल्यावरही गोळी निदान सहा महिने चालते, मग हळूहळू कमी होते. पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधे एकदम सोडली तर दोन-चार दिवसांतच चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते, आणि रुग्णाला वाटते आजार उलटला.