परसबाग, मुंबईतील

घरामागच्या मोकळ्या जागेत, म्हणजे परसात, कुटुंबापुरता भाजीपाला पिकविण्याची प्रथा. मुंबईत परस फारसे उरलेले नसल्याने गच्ची, बाल्कनी आणि खिडकीच्या जाळीतल्या कुंड्यांनाही आता हेच नाव लावतात.

आजच्या प्रथेच्या उगमाबद्दल एकमत नाही. काहीजण ती जुन्या वाडीपर्यंत, म्हणजे घराभोवतीच्या बागायतीपर्यंत, मागे नेतात. न्हाणीच्या पाण्यावर अळू व केळ आणि मांडवावर पडवळ किंवा दुधी असा या वाडीचा परिपाठ असे. गच्चीवरची बाग ही साधारण विसाव्या शतकाच्या अखेरीस रुजलेली वेगळी पद्धत आहे, असे दुसरे मत असून ते अधिक ग्राह्य वाटते. वाडीत जमीन आणि विहीर आयती मिळे. गच्चीवर मातीच तयार करावी लागते आणि बाकीचे तंत्र त्या अडचणीतून आलेले आहे. रुळांलगतच्या रेल्वेच्या जमिनीवर ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली झालेली माठ-पालकाची लागवड विक्रीसाठी असल्याने ती येथे विचारात घेतलेली नाही.

मातीचा प्रश्न मुख्यतः वजनाचा आहे. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग २) धरलेला भार दर चौ. मी.ला सुमारे १५० किग्रॅ. आहे. भिजलेल्या मातीचा १० सेंमी. थरच त्याहून जड भरतो. त्यामुळे गच्चीभर वाफे करण्याऐवजी हलके मिश्रण भरलेल्या कुंड्या तुळयांच्या व भिंतींच्या रेषेत ठेवणे श्रेयस्कर. जुन्या इमारतींत अभियंत्याचा सल्ला आणि सोसायटीची परवानगी आधी घ्यावी.

हलक्या मिश्रणासाठी वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांचा वापर रूढ केला. रसवंतीवर ती फुकट मिळतात. पिशवीत बराचसा भाग चिपाडांचा, त्यावर खत आणि माती अगदी थोडी, अशी ही रचना आहे. श्रीपाद दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराच्या, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाच्या, विचारातून आलेली ‘अमृत मिट्टी’ ही दुसरी धारा. तीत १० लिटर पाणी, १ किग्रॅ. ताजे शेण, १ लिटर गोमूत्र व ५० ग्रॅ. काळा गूळ तीन दिवस मुरवतात. हे पाणी दहापट पातळ करून त्यात पालापाचोळा भिजवतात आणि मातीचे पातळ थर देत ढीग रचतात. पुढे त्या ढिगावर मिश्र बियाणे पेरून रोपे ठराविक अंतराने छाटतात आणि छाटणी त्याच ढिगावर पसरतात. पूर्ण तयारीस चार-पाच महिने लागत असल्याने नवशिक्याला पहिल्या वर्षी चिपाडांची पद्धत सोयीची पडते. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओला कचरा वापरून उभी केलेली बाग हे शहरातील परिचित उदाहरण आहे.

मुंबईचा वार्षिक पाऊस २,००० मिमी.च्या वर असून बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. या काळात मेथी-कोथिंबीर कुजते आणि कोवळी रोपे कोलमडतात, म्हणून कुंडीची भोके मोकळी ठेवावी लागतात. दोडके, कारले व काकडी यांचे वेल मात्र याच हंगामातले. टोमॅटो, वांगी व मिरची यांचे बी गौरी-गणपतीनंतर टाकतात. फळभाज्यांना पाच-सहा तास थेट ऊन लागते; पालक, माठ, पुदिना व मायाळू कमी उन्हातही येतात. चौपाटीच्या वाळूत होणारी बारीक ‘समुद्र मेथी’ पसरट ट्रेमध्येही दहा-बारा दिवसांत काढणीस येते. सुरुवात करण्यास तिच्याइतके सोपे पीक नाही.

पिठ्या ढेकूण व मावा या किडींवर निंबोळी तेलाची फवारणी करतात. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये, कारण डेंग्यू पसरविणारा एडिस डास तेथे अंडी घालतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिका फुले, फळे व भाजीपाला यांचे प्रदर्शन भरविते. तेथे कुंडीतील भाज्यांचे नमुने पाहावयास मिळतात.