समुद्रात मासे पाळायची जागा: आडोशापासून नकाशापर्यंत

नॉर्वेच्या हिट्रा बेटावर १९७० साली ग्रॉन्टवेट बंधूंनी अष्टकोनी तरंगत्या पिंजऱ्यात सॅमन माशाची पिल्लं सोडली. प्रयोग साधला आणि पुढच्या काही वर्षांत त्या किनाऱ्यावरच्या फ्योर्डांमध्ये, म्हणजे खोल, अरुंद खाड्यांमध्ये, पिंजरे वाढत गेले. त्याही आधी, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, जपानच्या कागावा भागात समुद्रालगतचं तळं अडवून त्यात हमाची मासा वाढवला गेला होता. त्या काळी जागा पाहायची रीत साधी होती. लाटांपासून आडोसा हवा, पाणी किनाऱ्याजवळचं हवं आणि रोज होडीने खाद्य नेता यायला हवं. जागा मासे पाळणारा शोधायचा, सरकार फार तर परवाना द्यायचं.

पुढे हा आडोसाच नडला. जिथे लाट पोहोचत नाही, तिथलं पाणीही सावकाश बदलतं. न खाल्लेलं खाद्य आणि माशांची विष्ठा पिंजऱ्याखाली साचते आणि ती कुजताना तळाचा प्राणवायू खाऊन टाकते. उलट प्रवाह फार जोराचा असेल तर जाळं दुमडतं आणि मासे पोहून पोहून थकतात. चांगली जागा या दोन्हींच्या मधली असते, आणि ती किनाऱ्यावर उभं राहून नजरेने ठरत नाही.

याची सगळ्यात मोठी किंमत चिलीने मोजली. तिथे नियोजन नव्हतं, असं नाही. १९९१च्या मत्स्य कायद्यात मत्स्यशेतीसाठी ‘योग्य क्षेत्रं’ आखायची तरतूद होती. पण विचार एकेका मत्स्यशेती केंद्राचा झाला होता आणि पाणी मात्र सगळ्यांचं एकच होतं. २००७ साली चिलोए बेटाजवळ सॅमनमध्ये संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणू सापडला आणि तो एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात पसरत गेला. २०१० साली अटलांटिक सॅमनचं उत्पादन २००८च्या जेमतेम एक तृतीयांश उरलं. हजारो कामगारांचा रोजगार गेला. त्यानंतर कायदा बदलला. शेजारशेजारच्या केंद्रांचे गट केले, त्यांना स्पॅनिशमध्ये ‘बारिओ’, म्हणजे मोहल्ले, म्हणतात. एका गटातल्या सगळ्यांनी एकाच वेळी पिंजरे रिकामे करून पाण्याला विश्रांती द्यायची, असा नियम आला. जमीन पडीक ठेवायची कल्पना शेतकऱ्याला जुनीच आहे. समुद्रात ती शिकायला एवढी मोठी साथ यावी लागली, याचं मला फार वाईट वाटतं.

नॉर्वेत हाच धडा वेगळ्या वाटेने आला. सॅमनच्या अंगावर वाढणाऱ्या समुद्री उवांची पिल्लं प्रवाहाबरोबर अनेक दिवस वाहत जातात आणि रानटी सॅमनच्या कोवळ्या पिल्लांना मारतात. म्हणून २०१७ साली सगळ्या किनाऱ्याचे १३ उत्पादन विभाग पाडले गेले. या विभागांच्या सीमा आखताना प्रवाह कुठून कुठे वाहतात, याला महत्त्व दिलं. उवांचा त्रास कमी असेल तो विभाग हिरवा, तिथे उत्पादन ६ टक्के वाढवता येतं. पिवळ्यात आहे तेवढंच ठेवायचं, लाल विभागात ६ टक्के घटवायचं. ‘इथे चालेल का’ याच्या जोडीला ‘इथे किती चालेल’ हा प्रश्न नियमातच आला, आणि या साऱ्या इतिहासात मला हीच पायरी सगळ्यात मोलाची वाटते.

दरम्यान साधनंही बदलत होती. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कोस्टारिकात उपग्रहचित्रं आणि भौगोलिक माहिती प्रणाली वापरून मत्स्यशेतीच्या जागा शोधायचा अभ्यास केला. खोली, तापमान, रस्ते, बंदरं असे एकेक थर नकाशावर रचायचे आणि जे बसत नाही ते वगळत जायचं, ही पद्धत तिथून रुळली. २०१७च्या एका जागतिक अभ्यासाने तर दाखवलं, की जगातल्या सगळ्या मासेमारीइतकं उत्पादन समुद्राच्या ०.०१५ टक्क्यांहून कमी क्षेत्रात घेता येईल. आकडा धीर देणारा आहे. पण कुठल्या गावाची जाळी कुठल्या पाण्यात पडतात, एवढी बारीक गोष्ट जगाच्या नकाशावर मावत नाही.

अमेरिकेची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९८० सालीच तिथे राष्ट्रीय मत्स्यशेती कायदा झाला, तरी किनाऱ्यापासून दूरच्या संघीय पाण्यात परवाना नेमका कोणी द्यायचा, हे अडलेलंच राहिलं. मेक्सिकोच्या आखातासाठी २०१६ साली नियम आले. मच्छीमार आणि पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०२० मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की मासेमारीच्या कायद्यातल्या अधिकारात मत्स्यशेती बसत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला होता, त्यात मत्स्यशेतीसाठी योग्य क्षेत्रं शोधायला सांगितलं होतं. आखात आणि दक्षिण कॅलिफोर्निया हे पहिले दोन प्रदेश निवडले गेले.

२०२१ मध्ये त्यांचे नकाशासंग्रह आले. लष्कराचे सरावपट्टे, तेलाच्या वाहिन्या, जहाजांचे मार्ग, प्रवाळ, व्हेल आणि कासवांचे अधिवास वगळत वगळत आखातात ९ आणि दक्षिण कॅलिफोर्नियात १० पर्याय उरले. शोध होता ५०० ते २,००० एकरांच्या तुकड्यांचा, आणि एवढ्या अफाट पाण्यात तेवढे तुकडे शोधायलाही अशी कसरत करावी लागली. पर्यावरणीय परिणामांच्या अहवालांचे मसुदे यायला २०२४चा नोव्हेंबर उजाडला. क्षेत्र ठरलं म्हणून परवाना मिळाला, असंही नाही. अर्जदाराला बांधकामाची आणि लागेल तिथे सांडपाण्याची परवानगी वेगळी घ्यावीच लागते.

आखातातल्या नकाशाचा एक थर कोळंबीच्या बोटींचा होता. बोटींवर बसवलेल्या नोंदयंत्रांवरून त्या कुठे जाळी ओढतात ते कळलं आणि दाट वर्दळीचं पाणी टाळता आलं. हे काम खरोखर चांगलं झालं. मात्र ज्या होडीवर असं यंत्र नाही, तिची वाट अशा नकाशावर उमटत नाही. ती वाट कळायला नियोजनकर्त्याला बंदरावर जाऊन नाखव्याशी बोलावं लागतं, तेही जागेची चौकट आखायच्या आधी.