टीटी बाईक आणि ट्राय बाईक: फोटोत न दिसणारा फरक

सायकलवाल्यांच्या ग्रुपवर फोटो पडतो: ‘ट्राय बाईक विकणे आहे’. ट्राय म्हणजे ट्रायथलॉन: पोहणं, सायकल आणि धावणं. पुढे निघालेली दोन शिंगं, जाड रिम, मागे भरीव चाक, किंमत मूळच्या निम्मी. घेणारा खूश होतो. पण फोटोतली सायकल ट्राय बाईक नसून टाइम ट्रायलची (एकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायच्या शर्यतीची), म्हणजे टीटी बाईक असू शकते. ते कळतं तिसऱ्या तासाला, मान धरल्यावर.

दोन्ही सायकली वारा कापण्यासाठीच जन्मल्या. दोन्हींवर कोपरं टेकवून, पाठ आडवी करून बसायचं. पण टीटी बाईक यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमांत बसवलेली असते, आणि तिचं काम बहुधा तासाभरात संपतं. ट्राय बाईकला ते नियम लागू नाहीत. तिच्यावर ९० किंवा १८० किलोमीटर काढायचे असतात आणि उतरल्यावर पळायचंही असतं. बाकीचे सगळे फरक या दोन गोष्टींतून निघतात.

गंमत म्हणजे उसनवारी उलट दिशेने झाली. एरोबार, म्हणजे कोपरं टेकवायची ती पुढची शिंगं, आधी ट्रायथलॉनवाल्यांनी वापरले. १९८९च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी ग्रेग लेमॉन्डने ते टाइम ट्रायलला लावले, ५० सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि ८ सेकंदांनी टूर जिंकली. त्याच सुमारास डॅन एम्पफील्डच्या क्विंटाना रू कंपनीने सुपरफॉर्म ही खास ट्रायथलॉनसाठीची सायकल काढली. तिची सीट ट्यूब (सीटखालची नळी) रोड बाईकपेक्षा बरीच उभी होती. पुढे यूसीआयने १९९६च्या लुगानो सनदेपासून आकारांवर लगाम आवळायला सुरुवात केली. त्रिकोणाची पारंपरिक फ्रेम सक्तीची झाली, सीट ट्यूब नसलेल्या फ्रेमी बाद झाल्या आणि किमान वजन ६.८ किलो ठरलं. ट्रायथलॉनने ते फारसं मनावर घेतलं नाही. म्हणून डाउन ट्यूब (हँडलखालून क्रँककडे उतरणारी नळी) नसलेली व्हेंटम किंवा सीट ट्यूब नसलेली डायमंड आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये बिनधास्त दिसते. यूसीआयच्या टाइम ट्रायलला ती सुरुवातीच्या रेषेपर्यंतही पोहोचणार नाही.

सीट कुठे आहे ते आधी पाहा

सगळ्यात महागात पडणारा फरक सीटच्या जागेचा. यूसीआयचा वर्षानुवर्षांचा मूळ नियम असा होता की सीटचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक फिरतो त्या आसाच्या) मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या किमान ५ सेंमी मागे हवं. शरीराच्या ठेवणीनुसार सूट मिळायची, पण रेषेच्या पुढे जाता येत नाही. टीटी फ्रेमी याच हिशेबाने बनत आल्या. सीट किमान २४ सेंमी लांब हवी असाही नियम आहे. त्यामुळे बरेच स्वार अगदी तेवढीच आखूड सीट लावून टोक मागे आणि बूड पुढे अशी पळवाट काढतात.

ट्राय बाईकवर सीट बिनदिक्कत पुढे येते. रोड बाईकचा सीट ट्यूबचा कोन ७३ अंशांच्या आसपास असतो, ट्राय बाईकवर बसण्याचा प्रत्यक्ष कोन ७६ ते ८० अंश. कारण साधं आहे. पाठ आडवी झाली की मांडी आणि धड यांच्यातला कोन मिटतो, गुडघा बरगड्यांकडे येतो, श्वास कोंडतो आणि पार्श्वभागाच्या स्नायूंना जोर लावायला जागा उरत नाही. रोड बाईकवर बसलेल्या माणसाची आकृती कागदावर कापा, बॉटम ब्रॅकेटच्या जागी टाचणी टोचा आणि आकृती पुढे फिरवा. पाठ आडवी होते, पण मांडी-धडाचा कोन तोच राहतो. ट्राय बाईकची बैठक ती हीच.

जुनी सायकल बघायला जाताना दोरा आणि एक जड नट सोबत न्या. सायकल सपाट फरशीवर सरळ उभी करा, सीटच्या टोकापासून ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून क्रँकच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर मोजा. मग सीट पूर्ण पुढे सरकवून पुन्हा मोजा. पूर्ण पुढे आणूनही टोक रेषेच्या ४-५ सेंमी मागेच राहत असेल, तर लांब शर्यतीसाठी ती फ्रेम सोडून द्यावी. सीटपोस्टचा वरचा क्लॅम्प उलटा बसतो का, तेही विचारा. बऱ्याच टीटी फ्रेमींत दोन जागा असतात आणि विकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

इथे तीन चुका हमखास होतात. सीट ओढून ओढून क्लॅम्प रेलच्या (सीटखालच्या दांडीच्या) वाकलेल्या भागावर आवळला जातो आणि रेल तिथेच तुटते. कार्बनची अंडाकृती ७×९ मिमीची रेल गोल ७ मिमीच्या क्लॅम्पमध्ये चेपली जाते. आणि सीट पुढे घेतली तरी उंची तीच ठेवली जाते. सीट पुढे आली की ती पेडलच्या जवळ येते, म्हणून दर १ सेंमीमागे साधारण २ ते ३ मिमी वर घ्यावी लागते. हे राहून गेलं की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं आणि दोष बिचाऱ्या सीटला जातो.

पुढची बाजू

टीटी बाईकचं तोंड खाली असतं. हेड ट्यूब (हँडलखालची पुढची नळी) आखूड, कोपराच्या गाद्या पातळ आणि एरोबार किती पुढे जाणार याला मोजपट्टी. हे अंतर आधी ७५ सेंमी होतं, आता स्वाराच्या उंचीनुसार थोडं सैल झालं आहे. ४० मिनिटं दात-ओठ खाऊन हे निभतं. ट्राय बाईकवर गाद्या रुंद आणि खोलगट असतात, खाली स्पेसर रचून त्या कित्येक सेंटिमीटर उचलता येतात आणि बार वर तिरका करून हात हनुवटीजवळ आणता येतात. जितकं खाली तितकं वेगवान हा समज चुकीचा आहे. वाऱ्याला अडवणारा मोठा भाग शरीराचा असतो, आणि दर दहा मिनिटांनी मान मोडायला उठणारा स्वार २ सेंमी वर बसलेल्या पण हलत नसलेल्या स्वाराच्या मागे पडतो.

टीटीची बाईक ट्रायसाठी घेत असाल तर गाद्या किती उचलता येतात हा पहिला प्रश्न. नुसत्या गाद्या उचलल्या तर गिअरच्या वायरी तेवढ्या लांब हव्यात. आख्खा बेस बार (ब्रेक असलेलं बाहेरचं हँडल) उचलायचा तर आतून गेलेल्या ब्रेकच्या हायड्रॉलिक नळ्या कमी पडू शकतात. मग नवी नळी, ब्लीडिंग (नळीतली हवा काढणं) आणि दुकानात एक दिवस. स्पेसर वाढवले की बोल्टही लांब घ्या. ६ मिमीच्या बोल्टचे किमान ८ ते १० मिमी आटे आत गेले पाहिजेत. दोन आट्यांवर लटकलेली गादी गतिरोधकावर निघाली, तर कोपर थेट चाकाकडे जातं.

पाणी कुठे ठेवायचं

यूसीआयच्या नियमांत बाटली फक्त फ्रेमच्या आतल्या नळ्यांवर. हातांच्या मध्ये किंवा सीटमागे लावली तर तो वाऱ्याचा आडोसा धरला जातो. ट्रायथलॉनमध्ये हातांमधली बाटली आणि सीटमागचे दोन केज (बाटली अडकवायचे पिंजरे) ही अगदी रोजची गोष्ट. महागड्या ट्राय बाईकमध्ये पाण्याची टाकी, खाण्याचा डबा आणि पंक्चरचं सामान फ्रेमच्या पोटातच असतं. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ (आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची शर्यत) सारख्या दमट हवेत तासाला पाऊण ते एक लिटर पाणी सहज लागतं. ९० किलोमीटरला तीन तास धरले तर एका केजच्या टीटी फ्रेमवर त्याची सोय कुठे आहे, हे पैसे मोजण्याआधी ठरवा.

सीटमागची बाटली खड्ड्यात उडते, हे मात्र ट्राय बाईकचं जुनं दुखणं. केज अगदी उभा ठेवला की बाटली वर फेकली जाते. तो थोडा मागे झुकवा, घट्ट पकडीचा केज घ्या आणि बाटलीला सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर अडकवा. पोटातल्या टाकीत साखरेचं पेय भरलं असेल तर त्याच दिवशी गरम पाण्याने आणि ब्रशने धुवा. पावसाळ्यात दोन दिवसांत नळीत काळी बुरशी धरते.

ओळखायचं कसं

फ्रेमवर यूसीआयचं छोटं लेबल शोधा, बहुधा सीट ट्यूबवर. त्यातल्या कोडच्या शेवटी टीटी ही अक्षरं असतील तर फ्रेम टाइम ट्रायलला मान्य आहे. लेबल नसेल तर ती निव्वळ ट्रायची, किंवा ही पद्धत सुरू होण्याआधीची. पण लेबल आहे म्हणून ट्रायला नालायक असं समजू नका. सर्व्हेलो पी५ सारखी फ्रेम दोन्हीकडे चालते. सीट मागे आणि गाद्या खाली केल्या की टीटी, सीट पुढे, गाद्या वर आणि बाटल्या लावल्या की ट्राय. बदल करायला वाव किती आहे एवढंच लेबल सांगत नाही, ते दोऱ्याने आणि मोजपट्टीनेच कळतं.

या दोघींत तिसरी उगीच घुसते: क्लिप-ऑन एरोबार लावलेली रोड बाईक. पहिल्या ७०.३ साठी ती पुरेशी आहे, आणि घाटात व रहदारीत दोघींपेक्षा शहाणी. फक्त बार लावून सीट तशीच मागे ठेवू नका. अंगाची कमान ताणली जाते आणि कंबर धरते. ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये एकमेकांच्या आडोशाने चालवायला परवानगी असते. तिथे रोड बाईकच लागते, या दोन्ही बाद.

रस्त्यावर

चालवताना दोघींचा स्वभाव जवळपास एकच, आणि तो रोड बाईकच्या सवयीला दगा देतो. वजन पुढच्या चाकावर, दोन्ही हात मधोमध, ब्रेक बाहेरच्या बेस बारवर. ब्रेक दाबायला आधी हात हलवावे लागतात, आणि ताशी ३६ किलोमीटरला एका सेकंदात सायकल १० मीटर जाते. म्हणून गर्दीत, वळणावर, ओल्या रस्त्यावर आणि गतिरोधकाच्या आधी हात बेस बारवर. एका हाताने बाटली काढायचा सराव रिकाम्या मैदानात करा, हायवेच्या कडेला नाही.

आडवा वारा वेगळं प्रकरण आहे. भरीव मागचं चाक दिसतं भयंकर, पण हँडल ओढतं पुढचं खोल रिम. हवाईच्या कोना शर्यतीत तिथल्या वाऱ्यामुळे भरीव चाकावर बंदीच आहे. खाडीच्या पुलांवरून जायचं असेल आणि स्वार हलका असेल तर पुढे ४० ते ५० मिमीच रिम ठेवा. हूकलेस रिम (टायर अडकवायला आत ओठ नसलेली) असेल तर हवा ७२.५ पीएसआयच्या वर कधीही नाही. ‘टाइट भरा, पळते’ म्हणून ११० भरणाऱ्यांचा टायर रिमवरून उडू शकतो.

टीटीमध्ये स्वार एकेकटा सुटतो. आयर्नमॅनमध्ये रस्ता भरलेला असतो. पुढच्यापासून १२ मीटर अंतर ठेवायचं आणि त्या टापूत शिरलात तर २५ सेकंदांत त्याला ओलांडायचं. म्हणजे ट्राय बाईकवर सतत एकाच जोराने नाही, अधूनमधून थोडा जोर वाढवूनही चालवता आलं पाहिजे, आणि तरी पळायला पाय उरले पाहिजेत.

गिअरचं गणित यावरूनच करा. टीटी बाईकवर ५६-५८ दातांची पुढची चकती मिरवते. त्याहून लहान, म्हणजे पुढे ५०, मागे ३४ दात धरले तरी मिनिटाला ६० फेऱ्यांना वेग ताशी ११ किलोमीटरच्या आसपास येतो. ७ टक्क्यांच्या चढावर ७५ किलोचा स्वार आणि १० किलोची सायकल धरली तर त्याला साधारण २०० वॅट लागतात. तेवढे तुम्ही आरामात काढत नसाल तर ५६ची चकती फोटोपुरतीच. क्रँकही आखूड घ्या. १७२.५ ऐवजी १६५ मिमी केला की सीट ७.५ मिमी वर जाते आणि पेडल माथ्यावर असताना गुडघा सीटच्या मानाने १५ मिमी खाली राहतो. खाली तोंड असलेली टीटी फ्रेम लांब पल्ल्याला चालवून घेण्याचा हाच सर्वांत स्वस्त इलाज.

शर्यतीला विमानाने नेताना सीटपोस्टवर आणि एरोबारवर रंगीत टेपने खुणा करा. डिस्क ब्रेकची चाकं काढलीत की ब्रेक पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी घाला, नाहीतर प्रवासात लिव्हर दाबला जाऊन पॅड चिकटतात आणि चाक बसत नाही. वायरलेस गिअरच्या बॅटऱ्या काढून हातातल्या बॅगेत ठेवा. परत जोडताना कार्बन सीटपोस्टला ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा आणि बोल्ट फ्रेमवर छापलेल्या टॉर्कलाच आवळा, बहुधा तो ५-६ न्यूटन-मीटर असतो. मग ट्रांझिशनला (शर्यतीत सायकली ठेवायच्या जागी) सायकल लावण्याआधी दोन किलोमीटर चालवून एखादा खड्डा मुद्दाम घ्या. सीटपोस्ट खुणेपासून २ मिमी जरी खाली सरकला, तरी तो शर्यतीतही सरकणारच.