औषधविकासातील खेळ सिद्धांत

आपला नफा-तोटा समोरचा काय करील यावरही अवलंबून असतो, तेव्हा कोणती चाल निवडावी याचा गणिती विचार म्हणजे खेळ सिद्धांत (गेम थिअरी). जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथामुळे तो अर्थशास्त्रात रुजला. १९७३ मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ व जॉर्ज प्राइस यांनी तो उत्क्रांतीला लावला आणि पुढे जंतू व कर्कपेशीही खेळाडू मानल्या जाऊ लागल्या. औषधांच्या बाबतीत म्हणून दोन खेळ चालतात: एक पैशाचा, दुसरा रोगाचा.

पैशाचा खेळ गोव्याच्या सत्तरी तालुक्यात फार जवळून दिसतो. माकडताप हा विषाणूमुळे होणारा रोग १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. २०१५ मध्ये तो सत्तरीतल्या पाली गावात आढळला. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो. काजूच्या हंगामात पडलेले बोंडू गोळा करायला पाचोळ्यात हात घालावाच लागतो, आणि गोचीड तिथेच असते. लागण झालेल्यांपैकी ३ ते ५ टक्के दगावतात. या विषाणूवर खास औषध नाही. जुन्या लशीचे महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग बूस्टर, मग दरवर्षी पुन्हा टोचणी असे वेळापत्रक होते. टोचणी दुखायची, संरक्षण अपुरे मिळायचे, त्यामुळे बरेच जण पुढचे डोस घ्यायला यायचेच नाहीत. अखेर तिचा वापरही थांबला.

गोव्यातल्याच वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत, मग सत्तरीसाठी औषध का नाही? रुग्ण थोडे, तेही बहुतेक बागायतीत राबणारे; एखाद्या वर्षी साथ येते, एखाद्या वर्षी नाही. कंपनी पक्क्या मागणीची वाट पाहते, सरकार तयार औषधाची. दोघांपैकी एकानेच चाल बदलली तर तोटा त्याचाच. अशा अडून बसलेल्या स्थितीला नॅश समतोल म्हणतात. ती उपदेशाने सुटत नाही, नियमच बदलावे लागतात.

तसा बदल २००९ मध्ये न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धच्या) लशीसाठी झाला. काही देश आणि गेट्स फाउंडेशन यांनी १५० कोटी डॉलर आधीच बाजूला ठेवले आणि ठरलेल्या निकषांची लस आणणाऱ्याला खरेदीची हमी दिली. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही या व्यवस्थेत आली. माकडतापासाठी अशी हमी एकट्या गोव्याने देऊन भागणार नाही. रोग कर्नाटक, केरळ, तमिळनाडू आणि महाराष्ट्रातही आहे, आणि एकाने खर्च केला की बाकीच्यांना आयता लाभ. पाच राज्यांनी मिळून बोलणे हाच इथला खरा मार्ग आहे.

प्रतिजैविकांचे गणित उलटे: जास्त वापरले की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि म्हणून नवे औषध जपून वापरावे तर विक्री होत नाही. अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली; २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. इंग्लंडने २०२२ पासून दोन प्रतिजैविकांना खपावर नव्हे, तर वर्षाला ठरावीक रक्कम देणे सुरू केले.

रोगाच्या खेळात डॉक्टर पहिली चाल करतो, कर्कपेशी तिला उत्तर देतात. भरपूर मात्रेने औषधाला बळी पडणाऱ्या पेशी मरतात आणि औषधाला दाद न देणाऱ्या पेशींना मोकळे रान मिळते. फ्लोरिडातल्या मॉफिट कर्करोग केंद्राचे रॉबर्ट गेटनबी यांनी कीडनियंत्रणातून धडा घेतला: कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने एकामागून एक कीटकनाशके पचवली आहेत. त्यांच्या गटाने प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगात पीएसए (रोगाचा जोर दाखवणारा रक्तातला घटक) निम्म्यावर आला की अबिराटेरोन हे औषध थांबवले, तो मूळ पातळीवर परतला की पुन्हा सुरू केले. मधल्या काळात औषधाला बळी पडणाऱ्या पेशी वाढून हट्टी पेशींना दाबून धरतात. २०१७ च्या अहवालात ११ रुग्ण होते. नेहमीच्या निम्म्याहून कमी औषध लागले आणि रोग अधिक काळ आटोक्यात राहिला. रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले नव्हते, त्यामुळे मोठ्या चाचण्यांवाचून ही पद्धत सर्रास वापरता येत नाही.