हापूसमधला साका आणि घाईला आलेला बाठा

पेटीतला सगळ्यात देखणा आंबा मी पाहुण्यांसाठी बाजूला ठेवला होता. साल केशरी, कुठे डाग नाही, देठाशी नाक नेलं तर तोंडाला पाणी सुटावं असा वास. विळीवर पहिली फोड कापली आणि बाठ्याला चिकटून पांढुरका, भुसभुशीत पट्टा निघाला. बोटाने दाबला तर ओल्या थर्माकोलसारखा, चव आंबट. साका! वाशीत फळबाजार हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आई लगेच म्हणाली, "कार्बाइडवर पिकवलेला असणार." बहुतेक घरांत हेच वाक्य ऐकू येतं. कार्बाइडवर बंदी आहे आणि ती असायलाच हवी, पण साक्याचं खापर त्याच्यावर फुटत नाही. साका आढीत तयार होत नाही. फळ फांदीवर लटकत असतानाच तो आत सुरू झालेला असतो.

आंबा कसा पिकतो ते आधी पाहू. तोडलेल्या कैरीत स्टार्च भरलेला असतो. आढीत पेंढ्याच्या उबेत फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडू लागतं आणि त्या इशाऱ्यावर विकरं कामाला लागतात. स्टार्चची साखर होते, आम्ल कमी होतं, गर मऊ पडतो आणि कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे त्याला केशरी रंग चढतो. साका पडलेल्या भागात हे काम अर्धवट राहतं. तिथे स्टार्च तसाच उरतो, आंबटपणा जात नाही, रंग भरत नाही आणि गरात हवेच्या पोकळ्या राहतात. त्याच फळाचा सालीलगतचा भाग मात्र गोड लागू शकतो. म्हणून तर बाहेरून काही कळत नाही.

मग बाठ्याजवळच असं का होतं? बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी नेमका बाठाच तपासला आणि मला तरी त्यांचं उत्तर फार सुंदर वाटतं. आंब्याचं बी गहू-हरभऱ्यासारखं वाळवून वर्षभर ठेवता येत नाही. त्याला सुप्तावस्था नसते. ते ओलं असतानाच रुजायला तयार असतं आणि वाळलं की काही आठवड्यांत त्याची रुजण्याची ताकद जाते. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं, वर उन्हाचा तडाखा बसला, की हे बी आतल्या आतच रुजण्याच्या तयारीला लागतं. त्यासाठी पाणी हवं, ते भोवतालच्या गरातून ओढलं जातं आणि तिथला गर पिकायचा राहून जातो. त्या दिवशी मी बाठा सुरीने उघडून पाहिला. पापुद्र्याआड बी फुगलेलं होतं आणि एका टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा कोंब वळून बाहेर आला होता. आपल्या दृष्टीने फळ नासलं होतं. झाडाच्या दृष्टीने त्याचं काम सुरू झालं होतं.

कोकणातला कातळ या प्रकाराला हातभार लावतो. दुपारी तापलेली जमीन खालून उष्णता फेकते, त्यामुळे खालच्या फांद्यांवरच्या फळांना त्रास अधिक. झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं तर साका कमी होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

दुसरं कारण हापूसच्या वंशातच आहे. हापूसचा बाठा लावून हापूस मिळत नाही, रायवळ निघतो. म्हणून शेकडो वर्षं कलमावर कलम बांधत आलो. म्हणजे देवगडचा असो, रत्नागिरीचा असो की आपल्या ठाणे जिल्ह्यातला (2018 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात ठाणेही आहे), प्रत्येक हापूस मुळात एकाच झाडाचा विस्तार. चवही तीच आणि खोडही तीच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला, त्यात साका पडत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून 'सिंधू' आला. त्याचा बाठा इतका पातळ की बी जवळजवळ नसतंच, आणि साकाही नसतो. बाठ्यावरचा आरोप सिद्ध करायला याहून बोलका पुरावा कोणता?

न कापता साका ओळखण्याची खटपटही जुनी आहे आणि ती आपल्या शेजारीच झाली. वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी 1990च्या दशकात आंब्यांचे एक्स-रे काढले. गरातल्या हवेमुळे साक्याचा भाग चित्रात वेगळा उठून दिसतो. पण पेटीतला एकेक आंबा यंत्राखालून काढणं रोजच्या बाजारात परवडत नाही. बंगळुरूच्या संस्थेने फळ झाडावर असतानाच वापरायचं एक द्रावण तयार केलं आहे. त्याचं नाव 'अर्का साका निवारक'. कोकणातल्या बागेतला शब्द थेट प्रयोगशाळेतल्या बाटलीवर गेला, याचा मला मनापासून आनंद आहे.

सगळ्यात सोपा उपाय मात्र बागायतदारांना आधीपासून ठाऊक आहे. ते फळ 'चौदा आणे', म्हणजे सोळातले चौदा हिस्से, तयार झालं की झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, उतरवतात. देठाजवळचे खांदे वर आलेले असतात, पण साल अजून हिरवी असते. बी अजून शांत असतं. घोळ आपण गिऱ्हाईक घालतो. बाजारात गेल्यावर पिवळाधमक, आज कापता येईल असा आंबा मागतो. यंदा दुसरी पेटी मी हिरवीच उचलली. घरात कॉटखाली पेंढा पसरून फळं मांडली आहेत, रोज संध्याकाळी एकेक हातात घेऊन पाहतो. सहा दिवस झाले. कालपासून खोलीत वास यायला लागला आहे.