करप्ट टेबलची दुरुस्ती

माहिती तक्त्यांत, म्हणजे टेबलांत, ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसमधील टेबलची डिस्कवरची फाइल ठरलेल्या रचनेशी जुळेनाशी झाली, की ते टेबल 'करप्ट' झाले असे म्हणतात. ते पुन्हा वाचण्याजोगे करणे म्हणजे दुरुस्ती. लिहिणे चालू असताना वीज जाणे, सर्व्हर अर्ध्यात बंद पडणे, डिस्क किंवा मेमरी सदोष असणे ही नेहमीची कारणे.

बिघाड इंडेक्समध्ये (नोंदी लवकर शोधण्यासाठीच्या सूचीमध्ये) आहे की मूळ नोंदींमध्ये, हे आधी पाहावे. इंडेक्स नोंदींवरूनच बांधलेला असतो, म्हणून तो टाकून नव्याने बांधता येतो. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत 'रीइंडेक्स' ही आज्ञा हेच काम करते. गेलेली नोंद मात्र बॅकअपमधूनच परत येते.

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या मायआयसॅम इंजिनातील (इंजिन म्हणजे टेबल साठवणारा भाग) टेबलांत हा भेद उघड दिसतो, कारण डेटा आणि इंडेक्स यांच्या फाइलीच वेगळ्या असतात. टेबलवर 'क्रॅश्ड' अशी खूण पडली, की 145 क्रमांकाची एरर येते. 'चेक टेबल'ने तपासायचे, 'रिपेअर टेबल'ने दुरुस्त करायचे. 'क्विक' जोडले तर डेटा फाइलला हात लागत नाही. दुरुस्तीआधी फाइलींची कॉपी काढणे ऐच्छिक समजू नये, कारण दुरुस्तीतही नोंदी गळतात. निकालात शेवटी 'ओके' येते आणि बहुतेक जण तेवढेच वाचतात. नोंदींची संख्या अमुकवरून अमुक झाली, असा इशारा त्याच निकालात वरच्या ओळीत येऊन गेलेला असू शकतो. खरी बातमी ती.

आवृत्ती 5.5पासून मायएसक्यूएलचे डीफॉल्ट इंजिन असलेल्या इनोडीबीला 'रिपेअर टेबल' लागू पडत नाही. वीज गेल्यावर ते रीडू लॉगवरून (झालेल्या बदलांच्या नोंदवहीवरून) बहुधा स्वतःच सावरते. पेजच (डेटा फाइलमधला ठरावीक आकाराचा तुकडा) खराब असेल, तर 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' 1पासून एकेक पायरी चढवत सर्व्हर सुरू करायचा, डेटाचा डंप (सगळा डेटा बाहेर काढलेली प्रत) घ्यायचा आणि टेबल नव्याने भरायचे. ही सेटिंग 6पर्यंत जाते. 4 आणि त्यापुढे डेटा फाइली कायमच्या बिघडू शकतात.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीत दुरुस्तीच्या शेवटच्या पर्यायाचे नावच 'रिपेअर अलाउ डेटा लॉस' आहे, हा प्रामाणिकपणा दुर्मीळ. तो फॉरेन की (एका टेबलातील नोंदीला दुसऱ्या टेबलातील नोंदीशी जोडणारा दुवा) पाहत नाही: ग्राहकाची नोंद काढली जाते, त्याच्या ऑर्डरी तशाच राहतात. म्हणून त्यानंतर 'चेक कन्स्ट्रेंट्स' चालवून अशा पोरक्या नोंदी शोधाव्या लागतात.